ॲडव्हान्सच्या फिजिक्सला वैयक्तिक ऑनलाइन शिकवणी: कुबडी म्हणणाऱ्यांना उत्तर

मुलुंडकर
'जेईई ॲडव्हान्सच्या फिजिक्ससाठी वैयक्तिक ऑनलाइन शिकवणी लावणे म्हणजे धडधाकट मुलाच्या हाती कुबडी देणे होय; ज्याला ती लागते त्याने आयआयटीचा नाद सोडावा,' असे लोलक यांनी परवा अकरावीच्या क्लासांवरील चर्चेत लिहिले. ते वाचून गप्प बसणे मला शक्य झाले नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

माझी मुलगी दादरच्या एका मोठ्या क्लासला जात असे. वर्गात शंभरावर मुले असत आणि शंका विचारायची ती तास सुटल्यावर, सरांच्या टेबलाभोवती उडालेल्या झुंबडीत. चाचण्यांमध्ये तिला गुण बरे पडत असल्यामुळे आम्हीही निर्धास्त होतो. पुढे रोटेशनसाठी, म्हणजे फिरत्या वस्तूंच्या गतीच्या धड्यासाठी, ऑनलाइन शिकवणी लावली, तेव्हा तिथल्या सरांनी एकच अट घातली: कॅमेरा चेहऱ्यावर नको, वहीवर हवा. पुस्तकांच्या चळतीवर फोन आडवा ठेवून, त्याचे तोंड खाली वहीकडे करून, ती गणिते सोडवू लागली. न घसरता उतारावर वर चढत जाणाऱ्या गोळ्याचे गणित होते. त्वरणाचे सूत्र पाठ असल्यामुळे उत्तर अचूक आले. मात्र आकृतीत घर्षणाचा बाण तिने उताराच्या खालच्या दिशेने काढला होता. गोळा वर जातो, म्हणजे घर्षण खाली, असा तिचा सरळ हिशेब होता. सरांनी उत्तराविषयी अवाक्षर न काढता विचारले, 'गोळ्याचे फिरणे मंदावते आहे ना? मग ते मंदावणारा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, कोणत्या बलामुळे येतो?' बराच वेळ ती नुसती आकृतीकडे पाहत राहिली आणि मग तिने बाण खोडून उलटा काढला. गोळा चढत असो वा उतरत असो, घर्षण वरच्याच दिशेने असते, हे क्लासच्या छापील नोट्समध्ये होते आणि तिने ते वाचलेही होते. बरोबर उत्तराच्या आड दडलेली ही चूक शंभर मुलांच्या वर्गात कोणाला दिसली असती, हे लोलक यांनी सांगावे.

लोलक
सांगतो. ॲडव्हान्समध्ये आकृती कोणी तपासत नाही. संगणकावर फक्त उत्तर जाते आणि कच्चे काम कागदावरच राहते. एकाच दिवशी तीन-तीन तासांचे दोन पेपर असतात आणि त्या सहा तासांत 'टॉर्क कोणत्या बलामुळे येतो' असे विचारायला कोणी शेजारी नसते. आपल्या कन्येला बाण स्वतःहून सापडला नाही, तो सरांच्या प्रश्नामुळे सापडला. मी गिरगावातल्या अभ्यासिकेत एकेका गणितावर अख्खी संध्याकाळ घालवलेली आहे आणि अनेकदा उत्तर न मिळताच घरी परतलो आहे. अडकून पडण्याची ती सवय हीच या परीक्षेची खरी तयारी आहे, आणि तासावर पैसे घेणारा शिक्षक मुलाला अडकू देत नाही.

मुलुंडकर
आकृती तपासत नाहीत, पण आकृतीवरचे प्रश्न विचारतात. एकाहून अधिक पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नात घर्षणाच्या दिशेचा एक चुकीचा पर्याय निवडला, की चार गुण तर जातातच, वर अलीकडच्या पेपरांप्रमाणे उणे दोन पदरी पडतात. आणि आपण माझ्या मुलीला ओळखत नाही. तिच्या कुवतीविषयी इथे शेरे मारू नयेत, ही विनंती नव्हे, ताकीद समजावी.

शिकवणीवाला
मी ठाण्यातून अशाच शिकवण्या घेतो, त्यामुळे माझे हितसंबंध उघड आहेत. तरीही लोलक यांच्या शेवटच्या वाक्यात तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. मूल विचार करत असताना मी शांत राहिलो, तर शेजारच्या खोलीत बसलेल्या आईला वाटते की नेट गेले असावे किंवा सर काही शिकवत नसावेत. 'तासभर दोनच गणिते झाली' अशी तक्रार घेऊन पालकांचा फोन येतो. मग नवखा शिक्षक घाबरून बोलत सुटतो आणि गणित मुलाऐवजी तोच सोडवतो. हा दोष शिकवणीच्या प्रकाराचा नसून गणिते मोजून घेणाऱ्या गिऱ्हाइकी वृत्तीचा आहे.

वसुधा, विरार
आपण सर्व जण ज्या शिकवणीची चर्चा करत आहात, ती परवडते किती जणांना? क्लासच्या फीवर आम्ही १८ टक्के जीएसटी भरला, त्यावर आणखी तासागणिक पैसे कुठून आणायचे? मुळात हा खर्च उद्भवतो तो कनिष्ठ महाविद्यालये ओस पडल्यामुळे. मुलाचे नाव इंटिग्रेटेड कॉलेजच्या, म्हणजे क्लासशी जोडलेल्या कॉलेजच्या, पटावर आहे, पण त्याने तिथली प्रयोगशाळा आतून पाहिलेली नाही. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलचे जर्नल त्याला आयते उतरवून घ्यायला मिळाले.

लोलक
बोर्डाच्या जर्नलचा ॲडव्हान्सशी संबंध नाही. बारावीला ७५ टक्के असले की प्रवेशापुरते भागते. कृपया विषयांतर टाळावे.

प्रयोगवही
हे विषयांतर नाही, आणि बारावीला अनेक वर्षे फिजिक्स शिकवून निवृत्त झाल्यामुळे मी ते ठासून सांगते. लोलक यांनी २०१६ च्या ॲडव्हान्समधला व्हर्निअर कॅलिपरचा, म्हणजे दोन सरकत्या पट्ट्यांनी बारीक लांबी मोजण्याच्या साधनाचा, प्रश्न आठवून पाहावा. त्यात दोन कॅलिपर होते. एकाचे व्हर्निअरवरचे दहा भाग मुख्य मापपट्टीच्या नऊ भागांएवढे, हे नेहमीचेच. दुसऱ्याचे दहा भाग मात्र अकरा भागांएवढे होते. 'मुख्य वाचन अधिक जुळणारी रेघ गुणिले लघुतम माप' हे पाठ केलेले सूत्र पहिल्यावर चालते, दुसऱ्यावर ते जसेच्या तसे लावले की उत्तर चुकते. ज्याने कॅलिपर हातात धरून दोन रेघा जुळताना पाहिल्या आहेत, त्याला तिथे सूत्र लागत नाही. तो शून्यापासून दोन्ही पट्ट्यांवरची अंतरे मांडतो आणि वजाबाकी करतो. बोर्डाचे ७० गुण लेखीला आणि ३० प्रात्यक्षिकाला आहेत, ते उगाच नाहीत. तारेची जाडी मोजायचे स्क्रू गेज एकाच दिशेने फिरवावे, मागेपुढे केल्यास बॅकलॅशची चूक शिरते, हे वाक्य मुले पाठ करतात. पण स्क्रू फिरतो आहे आणि टोक क्षणभर जागचे हलत नाही, हा अनुभव बोटांनी एकदा घेतला की ते पाठ करावे लागत नाही. ऑनलाइन शिकवणीत कॅमेरा वहीवर असो की चेहऱ्यावर, बोटांपर्यंत ती पोहोचत नाही.

शिकवणीवाला
बाई, आपल्याविषयी आदर आहे, पण जुन्या प्रयोगशाळांचे एवढे गोडवे गाऊ नयेत. इंटिग्रेटेड येण्याआधीही एका टेबलावर पाच मुले असत, एक जण वाचन घेई आणि चौघे त्याचे आकडे उतरवत. मी त्या चौघांतला होतो. मला व्हर्निअर समजला तो पुढे कारखान्यात.

प्रयोगवही
पाचांपैकी एकाला तरी वाचन घेता येत होते. आता एकालाही येत नाही, आणि आपण त्याला प्रगती म्हणता! निरीक्षणे आधी लिहून मग आलेख जुळवणारी मुले माझ्याही वर्गात होती. मी त्यांना प्रयोग पुन्हा करायला लावत असे, आणि त्याबद्दल पालकांचे बोलणेही ऐकून घेत असे.

मुलुंडकर
माझ्या मुलीनेही व्हर्निअर हाताळलेला नाही, आणि बाईंचे हे म्हणणे मला लागले आहे. तरीही रोटेशनचा बाण प्रयोगशाळेत दुरुस्त झाला नसता. तिथेही कोणीतरी वही पाहावीच लागली असती.

लोलक
वहीवरच्या कॅमेऱ्यापुरते मी मागे येतो, त्याहून एक पाऊलही नाही. शिक्षकाने आठवड्यातून एकदाच भेटावे, मुलाने मधल्या दिवसांत एकट्याने अडकून पडावे, आणि अर्धवट सोडवलेली गणिते खाडाखोडीसकट समोर ठेवावीत. रोजची शिकवणी मला मान्य नाही.

वसुधा, विरार
आठवड्यातून एकदा म्हटले तरी फीचा प्रश्न उरतोच, आणि त्याला कोणी उत्तर दिलेले नाही.

शिकवणीवाला
मी तीन मुलांचा गट करून फी विभागून घेतो. तिघेही आदल्या रात्री वहीच्या पानांचे फोटो पाठवतात, आणि तासाला प्रत्येकाची एकेक चूक घेऊन बसतो. आपल्या मुलाचा रोटेशनचा धडा झाला असेल, तर एका गटात जागा आहे.

लोलक
मग ती वैयक्तिक शिकवणी राहिली नाही.

वसुधा, विरार
नसू दे. मुलगा गेल्या महिन्यापासून रोटेशनवरच अडला आहे. तपशील कळवावा.