टोटलबेनला 'नशीबवान जर्मन' म्हणणाऱ्यांसाठी

गढीवरचा
काल तर्कटराव यांनी क्रिमियन युद्धावरच्या चर्चेत फुसकुली सोडली की रशियन लष्करी इंजिनियर एदुआर्द टोटलबेन हा फुगवलेला फुगा आहे, क्रिमियातलं सेव्हस्तोपोल बंदर राखलं ते नाखिमोव्ह-कॉर्निलोव्ह या अॅडमिरलांच्या खलाशांनी, मितावच्या जर्मन व्यापाऱ्याचा हा पोरगा आयत्या बिळावर नागोबा, आणि शेवटी शहर पडलंच ना. तिथेच दोन ओळी लिहिणार होतो, पण डोकं सटकलं म्हणून हा वेगळा धागा.

अहो, ऑगस्ट 1854 मध्ये हा छत्तीस वर्षांचा लेफ्टनंट कर्नल जनरल गोर्चाकोव्हचं पत्र घेऊन क्रिमियातला रशियन सेनापती मेन्शिकोव्ह याच्यापुढे उभा राहिला तेव्हा त्याला जवळपास वाटेलाच लावलं होतं, की थोडा आराम करा आणि परत जा, आता यंदा कोण येतंय. पुढच्याच महिन्यात इंग्रज-फ्रेंच-तुर्क उतरले, 20 सप्टेंबरला आल्मा नदीवर मेन्शिकोव्हने सपाटून मार खाल्ला आणि सैन्य घेऊन शहराबाहेर निघून गेला. दक्षिणेकडून, म्हणजे जमिनीच्या बाजूने, शहर जवळजवळ उघडं. इंग्रजांचा इंजिनियर-जनरल बर्गोइन म्हणाला आधी वेढ्याच्या तोफा नीट लावू मग बघू, आणि त्या तीनेक आठवड्यांत टोटलबेनने खलाशी, कैदी, बायकापोरं सगळ्यांना मातीकामाला जुंपलं, आरमाराच्या तोफा ओढत वर आणल्या, तोफांच्या झरोक्यांना गोळ्या अडवायला जहाजांच्या जाड दोरांचे पडदे लावले. 17 ऑक्टोबरला पहिला भडिमार झाला. मलाखोव्ह टेकडीवरचा दगडी मनोरा पहिल्याच दिवशी फुटला, आणि मातीचा तिसरा बुरुज दारूकोठार उडून पार उद्ध्वस्त झाला तरी सकाळपर्यंत परत उभा! वेढा चालला 349 दिवस. ह्याला नशीब म्हणायचं?

तर्कटराव
एवढा राग? असो. माझा मुद्दा साधा आहे. कॉर्निलोव्ह पहिल्याच भडिमारात गेला, तिसरा अॅडमिरल इस्तोमिन मार्च 1855 मध्ये, नाखिमोव्ह जुलैमध्ये. तुमचे हिरो जूनमध्ये पायाला गोळी लागून बाहेर गेले आणि जगले, आणि मग वेढ्याचा अधिकृत जाडजूड वृत्तांत कोणाच्या देखरेखीखाली तयार झाला? टोटलबेनच्याच! मेलेल्यांना ग्रंथ लिहिता येत नाहीत साहेब.

आणि मलाखोव्ह. 8 सप्टेंबर 1855 ला फ्रेंच आत घुसले आणि रशियनांना ते परत घेता येईना, का तर तो बुरुज मागूनही बंद होता. तिकडे रेडानला (तोच तिसरा बुरुज) मागची बाजू उघडी, तिथे इंग्रज घुसले तरी त्यांना हाकलून लावलं. ज्या ठिकाणावर सगळं शहर अवलंबून तेच असं बांधलं. ह्यावर बोला.

निवृत्त खडकीकर
मी बोलतो. बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनियर दलात आयुष्य गेलंय, त्यामुळे खुर्चीत बसून मातीकामाला नावं ठेवणारे वाचले की बीपी वाढतं. मागून बंद केलेला बुरुज वेढला गेला तरी एकटा लढू शकतो, मागून उघडा असेल तर शत्रूला आत टिकता येत नाही. दोन्हीचे तोटे आहेत, आणि कोणता अंगाशी येणार ते हल्ला झाल्यावरच कळतं. शिवाय तोपर्यंत टोटलबेनला जखमी होऊन तिथून जाऊन अडीच महिने झाले होते.

तुम्ही कधी रात्री खंदक खणलाय का तर्कटराव? दिवा नाही, बोलायचं नाही, टिकाव दगडावर आपटला की हवालदार कानाशी येऊन आईबहीण काढतो. पहाटे उजाडतं तेव्हा कळतं आपण रात्रभर वाकडं खणलंय. तिथे हे रोज, आणि वरून तोफगोळे. चौथ्या बुरुजाखाली तर फ्रेंच सुरुंग लावायला बोगदा काढत होते आणि रशियन सॅपर मेल्निकोव्हची माणसं मातीला कान लावून बसलेली, आवाज कुठून येतो त्या अंदाजाने उलटा सुरुंग उडवायचा.

पण इंजिनियरला श्रेय द्यायचं म्हटलं की आपल्याकडे पोटात दुखतंच. आमच्या गावच्या बंधाऱ्याच्या पाटीवर आमदार आहेत, सभापती आहेत, कंत्राटदाराच्या सासऱ्याचंसुद्धा नाव आहे. ज्या ज्युनिअर इंजिनियरने भर उन्हात लेव्हल घेतली त्याचं नाही. आणि सहा महिन्यांत गळती लागली तेव्हा नोटीस कोणाला? त्यालाच!

शेंगदाणा
काका, बंधाऱ्याबद्दल वाईट वाटलं, पण माती भरता येते म्हणून माणूस मोठा होतो का? 1879 मध्ये हाच टोटलबेन ओडेसाचा गव्हर्नर जनरल होता. त्या ऑगस्टमध्ये तिथे लिझोगूबला फाशी दिलं. त्याने कोणाला मारलं होतं? कोणालाही नाही. श्रीमंत जमीनदार, क्रांतिकारकांना पैसे दिले एवढाच गुन्हा. तुमची बुरुजांची कौतुकं चालू द्या.

गढीवरचा
मग हेही सांगा की सैबेरियात शिक्षा भोगून सेमिपलातिन्स्कला साधा शिपाई म्हणून सडणाऱ्या दस्तयेव्स्कीने 1856 मध्ये मदतीसाठी पत्र लिहिलं ते ह्याच माणसाला. जुनी ओळख, टोटलबेनचा भाऊ इंजिनियरिंग स्कूलमध्ये त्याच्याबरोबरचा. टोटलबेन तेव्हा देशाचा हिरो, राजकीय कैद्याचं पत्र सरळ फाडून टाकता आलं असतं. त्याने वर शब्द टाकला आणि त्याच वर्षी दस्तयेव्स्की अधिकारी झाला. ओडेसात जुलूम केला तो त्याच्या हाताखालच्या पान्युतीनने.

शेंगदाणा
पान्युतीन कोणाच्या हाताखाली होता? फाशीचा हुकूम कोणी कायम केला? ओळखीतल्याला पत्र, अनोळखी माणसाला दोर. हे तर आपल्याकडच्या प्रत्येक साहेबाचं वर्णन झालं.

मोडीवाचक
अवांतर होईल, पण ह्या सगळ्यात आपला माणूस कोणालाच आठवला नाही म्हणून लिहितो. नानासाहेब पेशव्यांचा वकील अझीमुल्ला खान. बाजीरावांचं आठ लाखांचं पेन्शन कंपनीने बंद केलं, ते मागायला लंडनला गेला, हात हलवत निघाला आणि 1855 मध्ये येताना वाट वाकडी करून सेव्हस्तोपोलला! 18 जूनला इंग्रज-फ्रेंचांचा मोठा हल्ला फसला होता, आणि दोघांना एकदम हरवणारे हे रशियन रुस्तुम बघायचेत असं त्याने वार्ताहर रसेलला सांगितलं. म्हणजे टोटलबेनची माती बघून गेलेला माणूस दोन वर्षांत कानपुरात उठावाच्या मुळाशी. हे शाळेत का शिकवत नाहीत?

तर्कटराव
आली का गाडी ब्रह्मावर्ताला, नानासाहेबांच्या बिठूरला! अहो, एवढं शिकून आला होता तर कानपुरात काय केलं? तिथल्या इंग्रज जनरल व्हीलरने छातीएवढी मातीची भिंत घातली होती, ती जूनच्या उन्हात तीन आठवडे सर करता आली नाही. शेवटी वाटाघाटी कराव्या लागल्या.

मोडीवाचक
तुम्हाला आपल्या लोकांची टिंगल केल्याशिवाय जेवण पचत नाही का? त्यांच्याकडे वेढ्याचे इंजिनियर होते का? तोफखाना होता म्हणून वेढा चालतो असं नाही. अझीमुल्ला वकील होता, सॅपर नव्हता.

निवृत्त खडकीकर
मोडीवाचकांशी सहमत. आणि तर्कटराव, कळत नसेल तर सांगतो, तुम्ही आत्ता माझीच बाजू मांडलीत. ती कानपूरची भिंत कशाची होती? मातीचीच. तीही व्हीलरने घाईघाईत घातलेली, तरी टिकली.

तर्कटराव
काका, तुम्ही कशातूनही माती काढू शकता हे मान्य.

शेंगदाणा
त्या भिंतीआड बायकामुलं पाण्यावाचून मरत होती, आणि वाटाघाटींनंतर सतीचौरा घाटावर शरण आलेल्या इंग्रजांची कत्तल झाली तेही बोला ना. सगळ्यांना फक्त भिंतीची उंची आठवते.

मोडीवाचक
आणि त्यानंतर इंग्रज अधिकारी नीलने सूड म्हणून काय केलं ते? सुरू करू का? माझ्या आजीच्या माहेरचे लोक त्या वेळी ब्रह्मावर्तात होते, पळून झाशीकडे गेले, दोन पिढ्या त्या विषयावर घरात कोणी बोललं नाही. तुम्ही पुस्तकं वाचा, आम्ही घरात ऐकलंय.

गढीवरचा
थांबा जरा, टोटलबेन राहिला बाजूला. तर्कटराव, एकच विचारतो, प्लेव्हनाचं काय करणार? 1877 च्या रशिया-तुर्कस्तान युद्धात तिथे तुर्कांच्या उस्मान पाशाने अगदी सेव्हस्तोपोलसारखेच मातीचे मोर्चे घातले आणि रशियन सेनापती तीनदा तिथे डोकं आपटून आले, हजारो माणसं घालवली. तेव्हा कोणाला बोलावलं? साठीला आलेल्या टोटलबेनला. त्याने काय केलं? काहीच नाही! चौथा हल्ला करायचा नाही, चारी बाजूंनी कोंडा, रसद तोडा. 10 डिसेंबरला उस्मानने बाहेर पडायचा प्रयत्न केला, जखमी झाला, शरण आला. इथे नाखिमोव्ह नव्हता, खलाशी नव्हते, आणि मागून उघडा-बंद बुरुजही नव्हता.

तर्कटराव
बरं बाबा. प्लेव्हना दिला. स्वतः सेव्हस्तोपोलला घातली तसली माती बाकीच्या जनरलांना कळली नव्हती, ती त्याला कळली, एवढं मान्य. सेव्हस्तोपोलचं श्रेय अर्धं-अर्धं, आणि ते अर्धंही खडकीकर काका चिडू नयेत म्हणून.

शेंगदाणा
आणि ओडेसा?

तर्कटराव
ओडेसा तुमचं. तिथे मी तुमच्याच बाजूला आहे, गढीवरच्यांना विचारा.

गढीवरचा
ओडेसावर उद्या लिहितो, आत्ता ऑफिसला उशीर होतोय.

शेंगदाणा
पान्युतीनला मध्ये घालू नका म्हणजे झालं.

मोडीवाचक
अझीमुल्लावर वेगळा धागा काढतोय. तर्कटराव, तिकडे याच.

निवृत्त खडकीकर
त्या बंधाऱ्याचे फोटो टाकू का?