फ्रेमिंग झालंय, ड्रायवॉल लागायच्या आत काय काय बघून घेऊ?

प्लेनोकर: नमस्कार मंडळी, डॅलसजवळ नवीन घर बांधून घेतोय, भिंतींचं फ्रेमिंग (लाकडी सांगाडा) उभं राहिलंय आणि पुढच्या आठवड्यात बिल्डरसोबत प्री-ड्रायवॉल वॉक आहे, म्हणजे भिंतींवर ड्रायवॉल (जिप्समचे बोर्ड) लागण्याआधीची पाहणी. बाबा पुण्याहून आलेत, साईट बघून म्हणाले अरे ह्या फळ्यांवर घर उभं राहणार का, त्यांना नऊ इंची विटांच्या भिंतींची सवय. बाहेरच्या भिंती टू बाय फोर लाकडाच्या आहेत, टू बाय सिक्स मागायला हव्या होत्या का? आणि आईला किचनशेजारच्या भिंतीवर सागवानी देवघर आणि हॉलमध्ये झोपाळा हवाय, हे आत्ताच सांगावं लागतं का?

जुना_सिव्हिलवाला: बाबांना सांगा निर्धास्त रहा, इथली बहुतेक घरं अशीच आहेत. टू बाय फोर म्हणजे प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच, असे स्टड (उभ्या फळ्या) दर 16 इंचांवर, वर डबल टॉप प्लेट (आडव्या फळ्यांची जोडी) आणि बाहेरून शीदिंग (सपाट बोर्ड) ठोकलं की भिंत एकसंध होते. टू बाय सिक्सचा मुख्य फायदा इन्सुलेशनचा, आर-13 किंवा 15 च्या जागी आर-19 ते 21 बसतं (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, जितकं जास्त तितकं चांगलं). आता फ्रेम उभी आहे तर तो विषय सोडा, त्यापेक्षा खिडक्यांभोवतीच्या आणि वायरींच्या फटी नीट सील करून घ्या, टेक्सासच्या उन्हाळ्यात एसीच्या बिलात फरक दिसेल.

ऑस्टिनची_ताई: देवघराचं आत्ताच सांगा!! नुसत्या ड्रायवॉलवर सागवान पेलणार नाही. दोन स्टडच्या मध्ये टू बाय टेनचे आडवे तुकडे ठोकून घ्यायचे, त्याला ब्लॉकिंग म्हणतात, आत्ता थोडक्यात होतं, नंतर भिंत फोडावी लागते. टीव्ही, जिन्याचा कठडा आणि आईबाबांच्या बाथरूममधले धरायचे बार, सगळीकडे करून घ्या. किचनच्या हूडचा (चिमणीचा) डक्ट बाहेर काढलाय ना तेही बघा, आपल्या फोडण्यांना आत हवा फिरवणारा हूड पुरत नाही.

जुना_सिव्हिलवाला: झोपाळ्याचं मात्र जपून. वर छताचे ट्रस (त्रिकोणी लाकडी सांगाडे) असतील तर त्यांच्या खालच्या दांडीला हुक अजिबात मारू देऊ नका, ती ह्या लोडसाठी डिझाईन केलेली नसते आणि झोके घेताना ताण नुसत्या वजनापेक्षा बराच वाढतो. बिल्डरकडून ट्रसच्या इंजिनिअरला विचारून लेखी घ्या, नाहीतर स्टँडवाला झोपाळा घ्या. प्लंबरने स्टड कुठे कापलेत तेही बघा, लोड घेणाऱ्या भिंतीत खाच रुंदीच्या पाव भागापेक्षा खोल नको, आणि वायर स्टडच्या कडेपासून सव्वा इंचाच्या आत असेल तिथे लोखंडी पट्टी हवी.

प्लेनोकर: खूप आभार, झोपाळ्याचं मेल आजच टाकतो. ब्लॉकिंगची उंची कशी सांगू?

ऑस्टिनची_ताई: आईंना साईटवर उभं करून समईची उंची ठरवा, टाईल्सची जाडी धरा, आणि स्टडवरच जाड मार्करने खूण करा. इन्सुलेशन लागायच्या आधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढून ठेवा.