१७ महिन्यांची मुलगी मधेच थरथरते, ही फिट म्हणायची का?

सांगलीची_लेक
रात्रीचे दीड वाजलेत, टायपिंग चुकलं तर समजून घ्या. आम्ही विश्रामबागला राहतो. मुलगी १७ महिन्यांची. महिनाभर झाला ती मधेच थरथरते, म्हणजे कसं सांगू, थंडीत अंगावर पहिला तांब्या ओतल्यावर शहारा येतो ना तस्सं, खांदे वर, मान आत, मुठी आवळलेल्या, दात खाते आणि तीनचार सेकंदात संपलं की परत वरणभाताची बोटं चाटत बसते, जसं काही झालंच नाही. जास्त करून जेवायला बसवलं की, नाहीतर बाबा आले, कुत्रं दिसलं अशा आनंदाच्या वेळी. कधी दिवसात एकदाही नाही, कधी सातआठ वेळा. ताप नाही. चालते, आई बाबा भूभू म्हणते.

डॉक्टरांकडे दोनदा नेलं, तिथं बाईसाहेब शहाण्यासारख्या बसून त्यांचा स्टेथोस्कोप ओढत होत्या. ते म्हणाले परत झालं तर या. अहो रोज होतंय! सासूबाईंनी मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या, तेही झालं. पण परवा रात्री झोपेत तिचा फक्त डावा हात झटके देत होता, डोळे अर्धे उघडे, मी हाका मारतेय तर माझ्याकडे बघतच नव्हती. मला तासभर वाटला, मिस्टर म्हणतात अर्धा मिनिट असेल. तेव्हापासून मला झोप नाही. आणि आता आई फोनवर कुजबुजत सांगते की तिच्या चुलत भावाला लहानपणी आकडी यायची, इतक्या वर्षात एकदाही बोलली नाही. कुणाला अनुभव आहे का?

द्राक्षबाग_७
ताई घाबरू नका. आमच्या हिकडं तासगाव भागात फिट आली की कांदा फोडून नाकाला लावतेत, लगेच शुद्धीवर येतंय पोरगं. उशाला एक चमचा पण ठेवा, दातखीळ बसली तर जीभ चावली जाती.

मिरजेची_मावशी
दादा राग मानू नका पण चमचा नको. लहान मुलांच्या वॉर्डात ११ वर्षं सिस्टर म्हणून काढलीत, चमच्याने तुटलेले दात बघितलेत. आणि कांद्याचं म्हणाल तर बहुतेक फिट दोनतीन मिनिटांत आपली आपण थांबते, तेवढ्यात कांदा सापडून फोडून होतो आणि क्रेडिट कांद्याला जातं.

ताई, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्यात, त्या एकात मिसळू नका. दिवसाचा शहारा, तोही जेवताना नाहीतर आनंदात, मूल पूर्ण भानावर, संपल्यावर परत खेळायला, हे बरेचदा शडरिंग अटॅक निघतात. ती फिट नसते, औषध लागत नाही, मोठं होताना जातं. पण हे मी लिहून चालत नाही, डॉक्टरांनी म्हणायला हवं. रात्रीचा एकाच हाताचा झटका मात्र मला आवडला नाही, त्यासाठी परत होण्याची वाट बघू नका, उद्याच जा आणि हे पहिलं सांगा, शहाऱ्याचं नंतर. परत झालं तर हात हलकेच धरून बघा. नुसती थरथर असेल तर धरल्यावर थांबते, फिटचा झटका आपल्या मुठीतही चालू राहतो.

आणि व्हिडिओ काढा!! तोंड आणि दोन्ही हातपाय दिसतील असा, लाईट लावून. डॉक्टरांसमोर मूल कधीच करून दाखवत नाही, व्हिडिओवर निम्मं काम होतं. खरंच फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाणी नाही, दाबून धरू नका, घड्याळ बघा. ५ मिनिटांच्या वर गेली, नाहीतर ओठ निळे पडले तर १०८ ला फोन, नाहीतर मिळेल त्या गाडीने दवाखाना.

(इथं वर्षाच्या आतल्या बाळाच्या आया वाचत असतील तर, झोपेतून उठल्यावर बाळ एकामागून एक दचकल्यासारखं पुढं वाकत असेल तर त्याला पोटदुखी समजून ग्राईप वॉटर पाजत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.)

कृष्णाकाठची
मी कराडची. माझा मुलगा आता ६ वर्षांचा, त्याला दोन वर्षांचा असताना एपिलेप्सी, म्हणजे फिटचा आजार, निघाली. ईईजीला (डोक्याला वायरी चिकटवून मेंदूची तपासणी करतात ती) जाताना आदल्या दिवशी डोकं धुवा, तेल अजिबात नको, रात्री उशिरापर्यंत जागं ठेवा कारण झोपेतला रेकॉर्ड लागतो. तिथं झोपेचं सिरप देतात, ते आमच्या हिरोने पहिल्यांदा थुंकलं. वायरी बघून मीच रडले, त्याला काही दुखत नव्हतं.

एक सांगते, औषध सुरू झालंच तर मनाने बंद करू नका. सिरपने पोरगं पेंगतंय म्हणून आमच्या मामंजींनी आम्हाला न सांगता चार दिवस दिलं नाही, पाचव्या दिवशी एसटी स्टँडवर माझ्या मांडीवरच फिट आली, सगळा स्टँड गोळा झाला, कोण चप्पल हुंगवतंय, कोण पाणी मारतंय. मामंजी बाजूला उभे, हातात त्याची बाटली. मी त्यांना काही बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती.

भूक_नसलेल्यांची_आई
तुम्ही शाकाहारी आहात का, आणि बाळ अजून जास्त करून अंगावरच पितंय का? आमच्याकडे बी१२ व्हिटॅमिन फार कमी निघालं होतं, माझं आणि लेकाचं दोघांचं. त्याचं बसणं, हसणं मागे पडलं होतं, केस भुरे झाले होते, मग हात थरथरायला लागले. तुमची चालते बोलते म्हणजे तसं नसेल, पण रक्त तपासताना बी१२, कॅल्शियम, हिमोग्लोबिन विचारून घ्या.

सांगलीची_लेक
उशीर झाला लिहायला, सॉरी. व्हिडिओ मिळाला, वरणभातानेच मिळवून दिला. डॉक्टरांनी तीनदा बघितला आणि मावशी म्हणाल्या तेच म्हणाले, शडरिंग. रात्रीचं सांगितल्यावर मात्र खुर्ची पुढे ओढून बसले, तिथूनच मिरजेला मेंदूच्या डॉक्टरांना फोन केला. ईईजी नॉर्मल आला, मी पेढे आणायच्या तयारीत, तर ते म्हणाले नॉर्मल आला म्हणजे फिट नव्हतीच असं नाही, सध्या औषध नको, परत झालं तर लगेच या. बी१२ कमी निघालं, तिचंही माझंही (हो, आम्ही जैन, आणि बाई अजून रात्रभर पितात). इंजेक्शन सुरू आहेत.

द्राक्षबाग दादा, सासूबाईंना तुमचं उत्तर फार पटलं होतं, आता मावशींचं वाचून दाखवलंय, उशाखालचा चमचा परत स्वयंपाकघरात गेला. मोबाईल मात्र उशाशीच असतो. आणि कृष्णाकाठची ताई, ते वायरीचं चिकट केसांतून कसं काढायचं? दोनदा धुतले, कानामागे अजून गुठळ्या आहेत.

कृष्णाकाठची
खोबरेल कोमट करून लावा, अर्ध्या तासाने बारीक फणीने ओढा. रडेल, पण निघतं.