पँग्विच, युटा: गाव एवढंसं, रस्ते एवढे रुंद का?

सायली_भटकते:
लोकहो, ब्राइस कॅन्यन बघायला आलोय आणि मुक्काम पँग्विचला. गाव जेमतेम दीडेक हजार वस्तीचं, लाल विटांची जुनी घरं, मस्त आहे. पण पत्ता बघा, '200 नॉर्थ 100 ईस्ट', याला काय पत्ता म्हणतात का? त्यात आज रविवार, अर्धं गाव बंद, आणि रस्ते मात्र असे रुंद की पलीकडचा माणूस बारीक दिसतो. कोणी वसवलं हे?

रानवाट:
मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी, 1864 ला. पत्ता सोपाय गं, मेन आणि सेंटर स्ट्रीट जिथे छेदतात तो शून्य, तिथून दोन चौक उत्तरेला आणि एक पूर्वेला. हायवे 89 पण तिथेच काटकोनात वळतो. त्यांच्या बहुतेक गावांची आखणी अशीच, सॉल्ट लेक सिटीत तर रस्ते 132 फुटी, बैल जुंपलेली गाडी वळवता यावी म्हणून असं सांगतात. रविवारी चर्च, त्यामुळे खाणं पेट्रोल शनिवारीच उरकायचं, आम्ही एकदा बिस्किटांवर दिवस काढलाय.

जुनं_खोड:
गोधडीची गोष्ट कोणी सांगितली की नाही? पहिल्याच वर्षी थंडीने गहू गेला, उपासमार व्हायची वेळ. सात जण डोंगरापलीकडे पॅरोवनला पीठ आणायला निघाले, बर्फ इतका की गाडी आणि बैल सोडून द्यावे लागले. प्रार्थनेला गोधडी अंथरून गुडघे टेकले तर लक्षात आलं की हिच्यावर पाय रुतत नाही! मग एक गोधडी टाकायची, तिच्यावरून चालायचं, पुढे दुसरी, मागची उचलायची, असं करत पोचले आणि पीठ घेऊन तसेच परत. दर जूनमध्ये गावात याचा उत्सव असतो.

सायली_भटकते:
बाप रे. आणि मी इथे रविवारी कॉफी मिळेना म्हणून कुरकुरतेय 😄 म्हणजे तेव्हापासून सलग राहतायत?

जुनं_खोड:
नाही. ब्लॅक हॉक युद्धात, म्हणजे मॉर्मन वसाहतवाले आणि इथले मूळ रहिवासी यांच्यातल्या लढाईत, 1866 ला गाव सोडून गेले, 1871 ला परत वसलं. आणि जमीन काही रिकामी नव्हती हां, पँग्विच हा शब्दच इथल्या मूळ पायूट लोकांचा, अर्थ मोठा मासा. त्याच 1866 मध्ये उत्तरेला सर्कलव्हिलच्या वसाहतवाल्यांनी कैद केलेल्या पायूटांना मारलं, बायकामुलांसकट. त्याचं स्मारक व्हायला 2016 उजाडलं. 89 वरून उत्तरेला जाणार असशील तर थांब तिथे.

सायली_भटकते:
उद्या त्याच रस्त्याने निघतोय. थांबते.