सकाळी लॉगिनला दहा मिनिटं लागतात. रोमिंग प्रोफाइल ठेवू की काढू?

टॉवेलवाली_ताई

सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. टॉवेल-नॅपकिनचं ऑफिस, नऊ कॉम्प्युटर, एक सर्व्हर. मी मूळची अकाउंटंट. एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढून दाखवला, तेव्हापासून कॉम्प्युटरचं सगळं माझ्याच गळ्यात.

दिवाळीनंतर एकाने येऊन डोमेन (सगळ्यांची लॉगिन एकाच सर्व्हरवरून सांभाळायची सोय) आणि रोमिंग प्रोफाइल (प्रत्येकाचा डेस्कटॉप, फाइली, सेटिंग सर्व्हरवर ठेवून लॉगिनला त्या मशीनवर आणायची सोय) बसवून दिलं. म्हणाला, "मॅडम, आता कुणीही कुठल्याही टेबलावर बसा, आपलाच डेस्कटॉप दिसणार." दिसतो, खोटं कशाला बोलू. पण सकाळी साडेनऊला पासवर्ड टाकला की चक्र फिरत बसतं. डिझाइन करणाऱ्या पोराचं तर नऊ-दहा मिनिटं, रोज. जॅकार्डच्या (विणकामातल्या नक्षीच्या) सगळ्या फाइली तो डेस्कटॉपवर पसरून ठेवतो. मोजलं तर त्याचं प्रोफाइल ६ जीबी भरलं. पासवर्ड टाकून तो सरळ चहाला जातो आणि मालकांनी विचारलं की माझ्याकडे बोट दाखवतो.

उशिराचं एक वेळ चालवून घेतलं असतं. पण डिस्पॅचची मुलगी सकाळी आपल्या टेबलावर बसली, दुपारी गोडाऊनच्या मशीनवर. टेबलावरचं लॉगिन तसंच चालू, पॅकिंग लिस्टही उघडीच. गोडाऊनमध्ये बंडलांचे आकडे दुरुस्त केले, लॉगऑफ केलं. संध्याकाळी टेबलावरची जुनी लिस्ट सवयीने सेव्ह केली आणि बंद केली. दुसऱ्या दिवशी दुरुस्त्या गायब! परवा तर कहरच. लाईट जाऊन आली, सर्व्हर उठायच्या आत हिने लॉगिन केलं, समोर कोरा डेस्कटॉप. खाली टेंपररी प्रोफाइलचा काहीतरी मेसेज आला होता म्हणे, तिने फुलीवर क्लिक करून घालवला. दिवसभर काम डेस्कटॉपवर, संध्याकाळी लॉगऑफ, खेळ खलास. पोरगी रडायची बाकी होती.

आणि हिशेबाच्या जुन्या विंडोज ७ मशीनवर माझा डेस्कटॉप वेगळाच का येतो? सर्व्हरवर माझ्या नावाचे दोन फोल्डर दिसतात, एकापुढे व्ही२, दुसऱ्यापुढे व्ही६.

ज्याने बसवलं तो आता फोन उचलत नाही.

चार_जोड्या

ताई, शेवटचं आधी. ते बरोबरच आहे. विंडोज ७ चं प्रोफाइल व्ही२ आणि १०-११ चं व्ही६, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. त्या मशीनवर तुमचा डेस्कटॉप वेगळाच राहणार.

आता दोन गोष्टी बघून सांगा. एक, ग्रुप पॉलिसीत (सर्व्हरवरून सगळ्या मशीनना लावायचे नियम) 'डिलीट कॅश्ड कॉपीज ऑफ रोमिंग प्रोफाइल्स' चालू आहे का. दोन, डिझाइनच्या मशीनवर नेटवर्कचा स्पीड किती दाखवतो, सेकंदाला १०० मेगाबिट की १०००.

टॉवेलवाली_ताई

पहिलं चालू आहे. स्पीड १००. स्विचवर (सगळ्या केबल जोडायच्या डब्यावर) तर गिगाबिट, म्हणजे १०००, लिहिलंय.

चार_जोड्या

मग सगळं जुळलं. रोमिंग प्रोफाइल खरं तर बदललेल्याच फाइली आणतं-नेतं. पण त्या पॉलिसीमुळे लॉगऑफ झाल्यावर मशीनवरची प्रत पुसली जाते, म्हणून सकाळी ६ जीबी पहिल्यापासून. १०० च्या लाइनवर सेकंदाला ११ एमबीच्या आसपास येतं. भागून बघा, नऊ मिनिटं! टेंपररी प्रोफाइलचं मूळही तेच: सर्व्हर सापडला नाही आणि मशीनवर प्रतही नाही, मग बिचारं विंडोज काय दाखवणार?

स्पीडसाठी केबल उघडून बघा. १०० ला तारांच्या दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. जॅकमध्ये चारच तारा घालून मोकळे होणारे कारागीर मी आयुष्यभर निस्तरतोय.

माझं मत: नऊ मशीनच्या ऑफिसला रोमिंग नको, फोल्डर रिडायरेक्शन करा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सर्व्हरवरच राहतात, लॉगिनला काही वाहून आणावं लागत नाही. एकच फाइल असल्यामुळे पॅकिंग लिस्टच्या दोन प्रती होत नाहीत. एक्सेलमध्ये दुसरीकडे उघडायला गेलं तर 'फाइल वापरात आहे' म्हणून अडवेल. क्रम मात्र चुकवू नका. आधी सगळ्या प्रोफाइलांची बाहेरच्या डिस्कवर कॉपी. मग ती प्रत पुसणारी पॉलिसी बंद, मग रिडायरेक्शन, आणि आठवडाभर सुरळीत चाललं की यूजरच्या खात्यातला प्रोफाइल पाथ काढा.

रिडायरेक्शनमध्ये 'ग्रँट द यूजर एक्सक्लुझिव्ह राइट्स' ही टिक आधीपासून असते, ती काढा. नाहीतर कुणी नोकरी सोडली की त्याचा फोल्डर तुम्हालाच उघडत नाही. शेअरच्या परवानग्या मात्र नीट लावा, पगाराची शीट सगळ्यांनी वाचायला नको.

भाकरी_बायनरी

एवढा खटाटोप कशाला? डोमेन काढा, एक साधा शेअर फोल्डर ठेवा, 'काम इथेच सेव्ह करा' असं मोठ्या अक्षरात चिकटवा. माझ्याकडे सहा मशीन अशीच चालतात.

आणि ताई, टॅलीचा डेटा डॉक्युमेंट्समध्ये असेल तर आधी बाहेर काढा. त्याला सर्व्हरवर वेगळं शेअर हवं, सिंकच्या (दोन ठिकाणच्या प्रती जुळवत राहण्याच्या) भानगडीत तो पडता कामा नये.

टॉवेलवाली_ताई

कागद चिकटवून झालाय, दादा. त्यावर आता कुरिअरवाल्याचा नंबर लिहिलेला आहे.

टॅली वेगळ्या शेअरवरच आहे. पण मालकांचा लॅपटॉप महिन्यातून दोनदा मुंबईला जातो, त्याचं काय करू?

चार_जोड्या

फक्त लॅपटॉपवर ऑफलाइन फाइल्स (सर्व्हरवरच्या फाइलींची मशीनवर प्रत ठेवून नंतर सिंक करायची सोय) चालू ठेवा. रिडायरेक्ट केलेले फोल्डर विंडोज आपणहून ऑफलाइन करतं, म्हणून टेबलावरच्या मशीनना पॉलिसीने बंद करा. आणि हा बॅकअप नव्हे. सर्व्हरवरून पुसलं की सगळीकडून पुसलं. शॅडो कॉपी (फाइलींच्या जुन्या प्रती सर्व्हरवर जपून ठेवायची सोय) लावा, शिवाय दोन डिस्क आलटून पालटून.

टॉवेलवाली_ताई

झालं. सुट्टीच्या दिवशी बसले. डिझाइनच्या केबलच्या जॅकमध्ये खरंच चारच तारा, बाकीच्या चार कापून मागे दुमडलेल्या! नवा जॅक मारून घेतला, १००० दाखवतो. पहिल्या लॉगिनला फाइली सर्व्हरवर सरकवताना बराच वेळ गेला, माझा जीव टांगणीला. आता त्या पोराचं अर्ध्या मिनिटात उघडतं. प्रोफाइल पाथ पुढच्या आठवड्यात काढते. डिस्पॅचच्या मुलीला सांगून ठेवलंय, तसला मेसेज पुन्हा दिसला तर हात वर करून माझ्याकडे यायचं, कीबोर्डला बोट लावायचं नाही.

एकच राहिलं. मालक मुंबईहून आले आणि लॅपटॉपच्या सिंक सेंटरमध्ये रेट लिस्टवर कॉन्फ्लिक्ट (दोन प्रती जुळत नाहीत असं) आलंय. त्यांनी तिथे बदलली, मी इथे.

चार_जोड्या

दोन्ही ठेवायचा पर्याय निवडा. मग दोन्ही शेजारी उघडून मालकांसमोर बसून मिळवा. कुठला रेट खरा हे विंडोजला काय कळणार.