वरच्या मजल्यावरचा सुदानी मुलगा: त्याच्याशी काय बोलावं, मदत कशी पोचवावी?

मंगल_कोंढवा

नमस्कार. मी कोंढव्यात राहते. वरच्या दोन खोल्या गेली अकरा वर्षं परदेशी विद्यार्थ्यांना भाड्याने देते. येमेनचे, इराकचे, टांझानियाचे, सगळे राहून गेले. सध्याचा मुलगा सुदानचा आहे, तिथल्या पश्चिमेकडच्या दारफूर प्रांतातल्या अल-फाशेर शहरातला. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. नाव देत नाही, त्याची माणसं अजून तिकडे आहेत. मला मावशी म्हणतो.

सप्टेंबरात मी दोडक्याच्या भाजीला दाण्याचं कूट लावलं होतं. वाटी वर पाठवली, ती तशीच परत आली. दुसऱ्या दिवशी त्याने कारण सांगितलं. त्याची आई आणि बहीण तेव्हा 'अंबाझ' खाऊन दिवस काढत होत्या. मला शब्द कळेना, म्हणून त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. पेंड होती हो! शेंगदाण्याचं तेल काढल्यावर मागे राहते ती. माझं माहेर फलटणजवळ. आमच्याकडे म्हशीसाठी पेंड रात्री भिजत घालायचे. मी बघताक्षणी ओळखली. आणि दारफूर हा तर भुईमुगाचाच मुलूख, तो सांगत होता की इजिप्तमध्ये शेंगदाण्याला नावच 'फूल सुदानी' आहे.

त्या शहराला जवळजवळ दीड वर्ष वेढा होता. २६ ऑक्टोबर २०२५ ला ते पडलं. तेव्हापासून तो रात्र रात्र माझ्या दाराबाहेर जिन्यात बसायचा, तिथे रेंज बरी येते म्हणून. नवव्या दिवशी निरोप आला. आई आणि बहीण चालत ताविला नावाच्या गावी पोचल्या आहेत. ते साठेक किलोमीटर आहे. मोठ्या भावाचा पत्ता नाही.

तीन महिन्यांचं भाडं मी घेतलेलं नाही, पण त्यामुळे तो माझी नजर चुकवायला लागला आहे, हे मला जास्त लागतंय. सोसायटीतल्या एक बाई म्हणाल्या, "त्यांच्याकडे हे चालूच असतं." मला उत्तर देता आलं नाही. ते युद्ध कशावरून आहे, हेच मला धड माहीत नव्हतं. कुणी नीट सांगेल का? पैसे कुठे द्यावेत? आणि त्याच्याशी बोलावं तरी काय?

नाईलकाठ

मंगलताई, मी सुदानच्या राजधानीत, खार्तूममध्ये नऊ वर्षं नोकरी केली, म्हणून लिहितो.

"चालूच असतं" म्हणणाऱ्या बाईंना २०१८ चा डिसेंबर सांगा. पावाचे भाव वाढले आणि अत्बारासारख्या शहरांतून लोक रस्त्यावर आले. रेल्वेचे कामगार, डॉक्टर, कॉलेजच्या मुली. एप्रिल २०१९ मध्ये ओमर अल-बशीरची तीस वर्षांची सत्ता गेली. सैन्याच्या मुख्यालयासमोर हजारो लोक शांतपणे ठिय्या देऊन बसले होते. माझ्या ऑफिसातली पोरं कामावरून सुटली की तिथे चहा-पाणी वाटायला जात. या लोकांना लढाई नको होती, त्यांना निवडून दिलेलं सरकार हवं होतं.

ते सरकार दोन सेनानींनी येऊ दिलं नाही. सैन्याचे प्रमुख बुरहान आणि आरएसएफ या निमलष्करी दलाचे प्रमुख दगालो, ज्यांना सगळे हेमेदती म्हणतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये दोघांनी मिळून सत्ता घेतली आणि मग आपसात फिसकटलं. आरएसएफ सैन्यात विलीन कधी व्हायचं? सैन्य म्हणे दोन वर्षांत, हेमेदती म्हणे दहा. वरवर एवढंच. पण खाली दारफूरच्या सोन्याच्या खाणी आहेत, आणि ते सोनं दुबईला जातं. अमिरातीने आरएसएफला शस्त्रं पुरवली असा सुदान सरकारचा आरोप आहे, अमिरात तो नाकारते. आरएसएफचं मूळ म्हणजे 'जंजवीद' टोळ्या. २००३ नंतर दारफूरच्या बिगर-अरब गावांवर बशीरनेच त्या सोडल्या होत्या. म्हणून अल-फाशेरला वेढा घालणारी ही माणसं तुमच्या मुलाच्या घरच्यांना वीस वर्षांपासून माहीत आहेत. सैन्य स्वच्छ आहे असं मात्र समजू नका. त्यांच्या विमानांनी भरल्या बाजारांवर बाँब टाकले आहेत.

१५ एप्रिल २०२३, शनिवार, रमजानचे शेवटचे दिवस. सकाळी खार्तूममध्ये सैन्य आणि आरएसएफ यांच्यात गोळीबार सुरू झाला आणि संध्याकाळपर्यंत वीज गेली, नळ बंद. खार्तूममध्ये रमजानात लोक घरासमोर रस्त्यावर चटया टाकतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून उपास सोडायला बसवतात. त्या आठवड्यात चटया टाकता येत नव्हत्या, तर शेजारच्या आजी भिंतीवरून आम्हाला पाण्याची कळशी देत होत्या. त्यांच्याकडे तेव्हा दोनच होत्या. नंतर आम्ही बसने पोर्ट सुदान गाठलं, तिथून नौदलाच्या जहाजाने जेद्दाह, मग विमानाने घर. भारत सरकारच्या सुटकेच्या मोहिमेत, ऑपरेशन कावेरीत, माझ्यासारखी ३,८६२ माणसं बाहेर निघाली. आमच्या पाठीशी देश होता म्हणून. त्या आजींचा फोन मे महिन्यापासून लागत नाही. मी अजून दर शुक्रवारी लावतो.

सुभेदार_निवृत्त

ताई, त्या पोराला एक गोष्ट माझ्यातर्फे सांगा. खडकवासल्याच्या एनडीएची, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीची, घुमटवाली मुख्य इमारत सगळ्यांनी फोटोत पाहिली आहे. तिचं नाव 'सुदान ब्लॉक'. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत इटालियन फौजेशी लढताना आपले जवान पडले, त्यांच्या स्मरणार्थ सुदानने एक लाख पौंड दिले होते. फाळणीनंतर त्यातले सत्तर हजार भारताच्या वाट्याला आले, आणि ते या इमारतीला लागले.

१९४१ च्या केरेनच्या लढाईत आमच्या मराठा पलटणीची तिसरी बटालियन होती. ते डोंगर आज एरिट्रियात आहेत. पलटणीत भरती झालो तेव्हा आम्हाला ही लढाई शिकवली होती. तो मुलगा पुण्यात उपरा नाही. त्याच्या देशाचा पैसा या शहराच्या दगडात आहे.

अमोल_हडपसर

मनापासून विचारतो, राग मानू नका. आपल्या मेळघाटात पोरं कुपोषणाने जातात. आधी तिथे द्यायला नको का?

परिचारिका_शुभदा

अमोल, मी दोन्हीकडे काम केलंय म्हणून सांगते. अंगणवाडीत मुलाच्या दंडाला लावायची रंगीत पट्टी असते ना, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आलं की लाल? मेळघाटात मी तीच पट्टी लावली आणि २०२३ मध्ये चाडच्या सीमेवर अद्रेलाही तीच. तिथे दारफूरमधल्या अल-जनीनाहून पळून आलेल्या बायका रांगेत होत्या. फरक हा, की धारणीत लाल पट्टी आली की मी मुलाला दवाखान्यात पाठवायची, जीप मिळायची, निदान भांडता तरी यायचं. वेढ्यातल्या शहरात हे काहीच नाही. तिथे अन्न मुद्दाम अडवलेलं असतं. अल-फाशेरच्या शेजारच्या झमझम छावणीत ऑगस्ट २०२४ मध्ये दुष्काळ जाहीर झाला, पण तो पाऊस न पडल्यामुळे नव्हता. तुम्ही मेळघाटात द्या, जरूर द्या. ताईंच्या जिन्यात बसलेला मुलगा मात्र ताईंच्याच वाट्याला आलाय.

मंगलताई, आता तुमचं. सुदानमध्ये सगळ्यात जास्त जीव कुणी वाचवले असतील तर तिथल्याच गल्लीबोळांतल्या पोरापोरींनी. 'इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स' म्हणतात त्यांना. मोठाली पातेली चढवून वस्तीला जेवू घालतात. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली तेव्हा त्यांची शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली. तुम्हाला इथून द्यायचं असेल तर ज्यांचं भारतात रीतसर कार्यालय आहे अशा संस्थांनाच द्या: युनिसेफ, एमएसएफ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स). इथे दिलेले पैसे सुदानला जातात का, हे मात्र आधी विचारून घ्या. घरी पैसे पाठवायला तिकडे 'बँकक' नावाचं अ‍ॅप चालतं. आखातातला एखादा नातेवाईक ते करू शकतो. इथल्या कुणा दलालाच्या हाती हवालाने पैसे देऊ नका. पैसे बुडाले तर बुडाले, पण मुलाचा व्हिसा धोक्यात येईल.

भावासाठी रेडक्रॉसकडे जा. युद्धात ताटातूट झालेल्यांना शोधायचं काम ते जगभर करतात, फुकट. वेळ लागतो, आणि दर वेळी उत्तर मिळतंच असं नाही, हे त्याला आधीच सांगा.

बोलायचं काय? "काही कळलं का?" हे रोज विचारू नका. कळलं तर तो स्वतः सांगेल. मारेकऱ्यांनीच काढलेले व्हिडिओ फिरताहेत, ते त्याला कुणी पाठवत असेल तर थांबवा. तिथली मुलं त्या व्हिडिओंत आपल्या माणसांचे चेहरे शोधत बसतात. आणि भाडं थोडंसं घ्या, ताई. पाचशे रुपये का होईना. तो मान वर करून चालेल.

मंगल_कोंढवा

सगळ्यांचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत.

भाड्याचं शुभदाने सांगितलं तसं केलं. त्याने पाचशेची नोट दिली, मी पावती लिहून दिली आणि त्याने ती पाकिटात ठेवली. सुदान ब्लॉकचा फोटो दाखवला. त्याला ही गोष्ट माहीत नव्हती. त्याने तो फोटो ताविलाला बहिणीला पाठवला आणि खाली अरबीत बरंच काही लिहिलं. मी विचारलं नाही. सोसायटीतल्या बाईंना मी चहाला बोलावून २०१८ पासूनचं सगळं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण परवा त्यांनी त्याच्यासाठी थालीपीठ पाठवलं.

काल आईशी बोलणं झालं. तिथे कुणाच्या तरी सॅटेलाइटच्या नेटवर रांग लावून फोन करतात, त्यामुळे मिनिटभरही मिळालं नाही. त्या मिनिटात तिने त्याला जेवलास का विचारलं. तेवढं अरबी मला आता कळतं.

शुभदा, रेडक्रॉसच्या फॉर्मवर अडलोय. भावाचं नाव पासपोर्टवर इंग्रजीत एक तऱ्हेने लिहिलंय, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या, आणि आजोबांचं नाव एकात आहे, एकात नाही. दोन्ही नावं लिहायची, की पासपोर्टवरचंच? चुकीच्या नावाने शोधलं तर सापडायचा नाही, या भीतीने तो कालपासून रकाना रिकामा ठेवून बसलाय. शनिवारी फॉर्म द्यायला जायचंय.