लाइन दक्षिणेची उत्तरेला गेली: पक्क्या होमरांना नवा रूट कसा लावायचा?

धायरीची_ढाबळ
नमस्कार मंडळी. आमच्या ग्रुपच्या होमर (लांबून सोडल्यावर घरी परतणाऱ्या) कबुतरांच्या रेस आजवर कराड, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी अशा होत्या. येत्या सीझनला लाइन (कबुतरं सोडायच्या ठिकाणांची दिशा) उत्तरेला नेली आहे: संगमनेर, मालेगाव, सेंधवा, शेवटी इंदूर. धायरीपासून हवाई अंतर साधारण १३०, २४५, ३८५ आणि ५२० किमी. पर गळून झालेत. दक्षिणेला उडालेली दोन-तीन वर्षांची पक्की कबुतरं आहेत आणि यंदाचे पठ्ठे (तरुण कबुतरं). चाकणला पहिला टॉस (सरावासाठी लांब नेऊन सोडणं) दिला तर पक्की सरळ खेड-मंचरकडे निघाली आणि तासाभराने घरी आली. पठ्ठे त्यांच्या आधी ढाबळीत. पक्क्यांना पुन्हा पहिल्यापासून टॉस द्यायचे का?

लाइनदोरी
पहिल्यापासून द्यायचे, पण तेवढे दिवस लागणार नाहीत. कबुतराला घर कुठे आहे हे नव्याने शिकवायचं नसतं, लागलेली सवय मोडायची असते. दक्षिणेच्या लाइनवर प्रत्येक वेळी बास्केट उघडली की उत्तर धरायची, हेच त्यांनी केलंय. जवळच्या टॉसला ते अंदाज न घेता त्याच दिशेला सुटतात. पठ्ठ्यांना अशी सवयच नाही, म्हणून ते गिरकी मारून दिशा ठरवतात.

हिशोब सोपा आहे. चाकण ते धायरी ३५ किमी, वारा नसताना ताशी ६० ने ३५ मिनिटं. तुमची तासाने आली, म्हणजे २५ मिनिटं जास्त. १२-१३ किमी उलट जाऊन तेवढीच परत आली. घाबरण्यासारखं काही नाही.

आता चाकण काही दिवस सोडा. औंध-बाणेरच्या बाजूला मोकळं मैदान बघून १२-१३ किमीवरून सुरू करा. मग मोशी २६, चाकण ३५, राजगुरुनगर ४६, मंचर ६३, नारायणगाव ७७. पहिल्या ठिकाणी सगळी एकत्र सोडा, मोशीपासून चार-चारच्या जोडणीने, आणि चाकणला एकेकटं. एक नजरेआड झालं की पाच मिनिटं थांबून दुसरं. हा एकेकटा टॉसच सवय मोडतो. थव्यात पक्कं कबुतर पठ्ठ्याच्या मागे येतं आणि आपल्याला वाटतं शिकलं. एकाच जागेवरून सलग दोन टॉसच्या वेळांत पाच-सहा मिनिटांपेक्षा जास्त फरक नसेल तरच पुढची जागा. प्रत्येक टॉसनंतर एक दिवस सुट्टी.

वाराबघ्या
वरचं सगळं बरोबर, पण शेवटचे २५ किमी वेगळे धरा. दक्षिणेहून येताना कात्रज ओलांडला की धायरी आलीच, वाटेत दुसऱ्यांच्या ढाबळी कमी. आता भोसरी, पिंपरी, औंध, कोथरूड अख्खं शहर डोक्यावरून पार करायचंय. तिथे सकाळी प्रत्येकाचे थवे हवेत असतात आणि दमलेलं कबुतर त्यांच्यात ओढलं जातं. शिवाय आजवर सिंहगड डाव्या हाताला ठेवून घर गाठायचं, आता तोच समोर दिसतो. म्हणून मोशीचा टॉस जास्त वेळा द्या आणि त्यातले काही मुद्दाम सकाळी ८-९ ला, थवे वर असताना.

वाऱ्याचंही गणित बदलतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळचा वारा बहुतेक ईशान्य-पूर्वेकडून. दक्षिणेच्या लाइनला तो नाकावर यायचा, आता पाठीला आणि डाव्या कुशीला. वेळा चांगल्या दिसतील, त्यावरून तयारी मोजू नका. मार्चमध्ये वायव्येचा वारा लागला की कबुतरं नगर-शिरूरच्या अंगाला ढकलली जातात आणि हडपसरकडून घरी येतात. कुठल्या बाजूने आली ते दर वेळी लिहून ठेवा, घड्याळाइतकंच ते महत्त्वाचं. दक्षिणेकडून आली तर घर ओलांडून पुढे गेली होती असं समजा.

चंदनापुरी घाटात किंवा कड्याजवळ बास्केट उघडू नका. शाहीन ससाणा कड्यावर बसलेला असतो आणि चढ घेणारं कबुतर त्याला आयतं सापडतं. घाट उतरून संगमनेरच्या बाजूच्या मोकळ्या शेतात सोडा. पण प्रवरेकाठी थंडीत सकाळी धुकं असतं. सूर्य आणि दूरची टेकडी स्पष्ट दिसेपर्यंत थांबा, ९ वाजले तरी चालेल.

दाणापाणी
जवळच्या टॉसच्या काळात दाणा रोजच्या दोन तृतीयांश, एका कबुतराला १८-२० ग्रॅम: ज्वारी, गहू, थोडे मूग. पोट भरलेलं असेल तर छपरावर बसून राहतं आणि ट्रॅपमध्ये (ढाबळीत शिरायच्या दारात) शिरत नाही. मालेगावपासून पुढे शेवटचे दोन दिवस पूर्ण ३० ग्रॅम, त्यात मका आणि करडई वाढवा, वर चार-पाच शेंगदाणे. चरबीवर ते लांब उडतात, डाळींवर नाही.

सेंधवा-इंदूरची खरी परीक्षा पाण्याची. सातपुडा उतरला की तापीचं खोरं, आणि फेब्रुवारीअखेर खानदेशात दुपारी चांगलंच तापतं. सकाळी ७ ला सोडलं तर सेंधव्याहून दीडच्या आसपास घरी येतील, इंदूरहून दुपारचे चार वाजतील. बास्केटच्या बाहेर टांगलेल्या पन्हाळीतून पाणी प्यायची सवय आधी लावा: दोन वेळा ढाबळीतच रात्रभर बास्केटमध्ये ठेवा. नाहीतर पठ्ठे पन्हाळीकडे बघतसुद्धा नाहीत आणि तहानलेलेच सुटतात.

धायरीची_ढाबळ
खूप आभार. एक सांगायचं राहिलं: पावसासाठी ढाबळीची उत्तर बाजू पत्र्याने पूर्ण बंद आहे. त्याने फरक पडतो का?

लाइनदोरी
पडतो, आणि हे आजच करा. इटलीत पिसा विद्यापीठात १९७० च्या दशकापासून झालेल्या प्रयोगांत दिसलं की अनोळखी जागेवरून घर शोधायला कबुतर वासाचा आधार घेतं. कुठल्या दिशेच्या वाऱ्याबरोबर कुठला वास येतो, हे ते ढाबळीत बसूनच शिकतं. तुमच्या कबुतरांना उत्तरेचा वारा मिळतच नाही. वरचा दोन फूट पत्रा काढून अर्ध्या इंचाची जाळी लावा, पावसाळ्यात खाली सोडायला ताडपत्रीचा पडदा ठेवा. बास्केटही हवेशीर हवी. गाडीच्या बंद डिकीत नेऊन उतरल्या उतरल्या सोडू नका, मोकळ्या हवेत अर्धा-पाऊण तास ठेवा.

वाराबघ्या
आणि सगळं करूनही एखादं पक्कं कबुतर चाकणला चौथ्या एकेकट्या टॉसलाही उत्तरेकडेच निघालं तर त्याला इंदूरला पाठवू नका. ते जोडीला लावा, पिल्लं काढा. पिल्लांना पहिल्यापासून चारही दिशांनी २०-२५ किमीचे टॉस द्या, म्हणजे ग्रुपने पुन्हा लाइन बदलली तरी अडणार नाही.